अडुसष्टची फांदी

बर्मिंगहॅम
२ एप्रिल १९७६

प्रिय विन,

माझं अक्षर बघून तुला वाटेल कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्यानंतर दर नाताळला एक कार्ड टाकण्यापलीकडे मी तुझ्यासाठी काही केलं नाही. मावसबहिणीला कुणी असं वागवत नाही, आणि तू तर मला बहिणीपेक्षा जास्त होतीस. याची लाज वाटत होती, म्हणूनही लिहायला उशीर झाला असेल.

परवा कामाच्या निमित्ताने एक नकाशा हातात आला. त्यात रॅडिंगहोप होतं, तुझं घर होतं, आणि घरामागे होल्टचं रान. मी एकदम सात वर्षांचा झालो. लढाईत बॉम्बच्या भीतीने आम्हा शहरातल्या पोरांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवून खेड्यात पाठवलं, तेव्हा बाकीची पोरं परक्यांच्या दारात उभी राहिली. मी मात्र मावशीच्या घरी आलो. मावशी आजारी, काका दिवसभर रानात, म्हणजे पाच वर्षं मला वाढवलं ते तूच. ती वाकडी ओकांची झाडं, ती पोकळ खोडाची ‘आंधळी म्हातारी’, जिच्या पोटात मी लपायचो, ती अजून आहे का गं?

मला एकदा येऊन ते रान पाहायचंय. मे महिन्यात येऊ का? आणि ती फांदीची चाल चालू आहे का अजून? दरवर्षी, न चुकता?

तुझा,
लेन

-

रॅडिंगहोप
६ एप्रिल १९७६

प्रिय लेन,

पत्र मिळालं. आधी उलटंसुलटं करून पाहिलं, मग वाचलं, मग पोस्टमन पेरिनला चहा पाजला, कारण आत काय लिहिलंय ते कळल्याशिवाय तो दारातून हलेना. मी सांगितलं, लेन येतोय. तो म्हणाला, कोणता, तो खिशात बेडूक घेऊन चर्चमध्ये बसायचा तो? तर गावात तुझी ही ओळख आहे, ऐकून ये.

येऊ का म्हणून काय विचारतोस? मी काय खानावळ उघडलीय? तुझी वरची खोली तुझीच आहे. तिथे सध्या कांदे सुकत घातलेत, ते काढते.

पण यायचं तर तीस एप्रिलला ये, म्हणजे पहिल्या मेची पहाट सापडेल. फांदी चालू आहे का म्हणतोस? अरे, ती थांबली तर आम्ही कुठले राहिलो? तू लहान होतास, सगळं आठवत नसेल, म्हणून सांगते. चारशे वर्षांपूर्वीचा तो कागद चर्चच्या पेटीत आहे. त्यात लिहिलंय, पहिल्या मेला चर्चच्या कळसावरच्या पत्र्याच्या कोंबड्यावर ऊन पडायच्या आत आम्हा बाउचरांच्या घरातल्या माणसाने होल्टमधून मनगटाएवढी जाड ओकाची फांदी तोडून चर्चच्या दाराशी आणायची. चाक लावायचं नाही, जनावर लावायचं नाही, दुसऱ्याचा हात लावायचा नाही. ती आली की वर्षभर गावाला होल्टमधलं पडकं लाकूड आणि कुंपणाला हेझलच्या काठ्या. आणि ज्या साली ती येणार नाही, त्या सालापासून रान जमिनीच्या धन्याचं.

बाबा गेल्यापासून ती मीच ओढते. पंचवीस वर्षं झाली. दीड मैल. एकसष्टाव्या वर्षी कंबर कुरकुरते, पण ओढते.

आता खरी कटकट ऐक. जुन्या धन्याच्या पोराने सगळी जमीन ड्रूइट नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकली. त्याला ओक नकोत, झटपट वाढणारं पाइन हवंय, रांगेत लावलेलं, लष्करासारखं. गावाचा हक्क असेपर्यंत त्याला उभं रान कापता येत नाही. म्हणून त्याने सरकारात हरकत घेतलीय की असला हक्क वगैरे काही नाही. पुढच्या मार्चमध्ये आयुक्तांपुढे सुनावणी आहे. घेऊ दे हरकत. चाळीस उंबऱ्यांच्या गावात एक माणूस असा नाही जो आमच्या बाजूने बोलणार नाही.

जाड बूट आण. शहरातले ते नाजूक नकोत.

विन

-

बर्मिंगहॅम
१२ मे १९७६

प्रिय विन,

घरी येऊन आठवडा झाला तरी डोळ्यांपुढून ती निळी फुलं हलत नाहीत. रानभर निळा धूर सांडल्यासारखी. तू फांदी ओढत चाललीस आणि मागून सगळं गाव, कुणी एक शब्द बोलत नव्हतं. मला हात पुढे करायचा होता, पण तू मान वळवून असं पाहिलंस की हात खिशात गेला. पाद्रीबाबांनी फांदीवर तीनदा काठी मारली आणि सगळे एकदम ‘होल्ट आमचं’ म्हणाले, तेव्हा मीही म्हणालो. माझा घसा भरून आला होता. हे मी खोटं लिहीत नाही.

एक विनंती आहे. इथे जुन्या चालीरीतींवर लिहिणारी एक मंडळी आहे. त्यांना मी होल्टबद्दल सांगितलं, तर ते म्हणाले, कोणत्या साली फांदी कुणी आणली, कोणत्या झाडाची, याची यादी मिळाली तर फार बरं. काकांच्या काळापासूनची पुरे. काही अडचणीची वर्षं असतील, तर तीही लिही. खरी माहिती असली की लेखाला वजन येतं. घाई नाही, पण महिनाअखेर मिळाली तर बरं.

तुझा पाय अजून माझ्या दातांत अडकलाय. रुबार्ब घालून भाजलास तो गोड पाय म्हणतोय, तुझा स्वतःचा नव्हे.

लेन

-

रॅडिंगहोप
२० मे १९७६

प्रिय लेन,

तुझ्या थट्टा अजून तितक्याच फुसक्या आहेत, बरं वाटलं.

तू गेल्यावर घर दोन दिवस खायला उठलं. इतकी वर्षं एकटी राहतेय, पण एकटेपणाची आठवण करून द्यायला कुणीतरी येऊन जावं लागतं. एम्रिस गॉफ, तो खालच्या शेतातला गाईवाला, विचारत होता की तुझा भाऊ रानात फीत घेऊन झाडांचे घेर कशाला मोजत होता? मी म्हटलं, शहरातली माणसं, त्यांना मोजल्याशिवाय काही पाहता येत नाही. खरंच, कशाला मोजत होतास रे? मी विचारायचं विसरले.

आणि जाताना म्हणालास, मागच्या अंगणातला ओक स्वयंपाकघराचा उजेड अडवतो, तोडून का टाकत नाहीस. मी नुसती हसले. का हसले ते कधीतरी सांगेन.

यादी सोबतच्या कागदावर आहे. एकेचाळीसपासून एक्कावन्नपर्यंत बाबा, पुढे सगळी मी. पंचेचाळीसची फांदी आंधळ्या म्हातारीची, तू त्यावर बसायला मागत होतास आणि बाबांनी कानाखाली वाजवली होती, ती. बासष्टला पडून माझा हात मोडला, एका हाताने ओढली. बाकी सगळं तिथे लिहिलंय.

एक साल मात्र तिथे लिहिलेलं नाही, ते इथे लिहिते. ते फक्त तुझ्यासाठी आहे, त्या मंडळींसाठी नाही. आठ वर्षं पोटात ठेवलंय, पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. तुला अडचणीची वर्षं हवी होती ना? आणि खरं सांगू, कुणालातरी सांगायचंच होतं. तू परत आलास, तुझ्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही.

अडुसष्ट साल. लाळ्या खुरकुताची साथ. खोऱ्यातली जनावरं गोळ्या घालून जाळली, महिनाभर आभाळ काळं होतं, वास अजून नाकात आहे. होल्टपलीकडच्या दोन्ही शेतांत रोग, अलीकडे फक्त एम्रिसच्या एकसष्ट गाई जिवंत. होल्टच्या वाटेवर दोरी आणि पोलीस. पोलिसाचं काय, तो आमच्याच गावातल्या मेरीचा नवरा, त्याने तोंड फिरवलं असतं. पण होल्टमधून यायचं म्हणजे एम्रिसच्या कुरणातून यायचं. माझ्या बुटांना तिकडची माती लागली असती आणि ती त्याच्या गाईंपर्यंत पोचली असती तर? एम्रिसने त्या गाई बापाच्या मरणानंतर एकेक करून उभ्या केल्या होत्या.

मी रात्रभर बसून विचार केला आणि पहाटे गेले नाही. मागच्या अंगणातल्या ओकाची फांदी तोडली, मागच्या गल्लीने वळसा घालून चर्चपाशी नेली. साथीमुळे गाव घराघरात होतं, कुणी वाट पाहिली नाही. पाद्रीबाबांनी काठी मारली. मी ‘होल्ट आमचं’ म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाही.

झालं. सांगितलं. आता हलकं वाटतंय. हे पत्र वाचून चुलीत घाल. कागदावर डाग पडलाय तो प्लमच्या जॅमचा आहे, लिहिता लिहिता पाव खात होते. दुसरा कागद घ्यायचा तर पुन्हा सगळं लिहायला धीर झाला नसता.

विन

-

बर्मिंगहॅम
३ जून १९७६

प्रिय विन,

पत्र आणि यादी मिळाली. तू माझ्यावर एवढा विश्वास टाकलास. तू त्या साली योग्यच केलंस, असं मला वाटतं. कुणाशी बोलू नकोस आता.

सध्या काम फार आहे. नंतर सविस्तर लिहितो.

लेन

-

रॅडिंगहोप
१९ सप्टेंबर १९७६

प्रिय लेन,

तुझं ‘नंतर’ फार लांब दिसतंय.

उन्हाळ्यात इथे पाऊसच नव्हता, ओढा तळापर्यंत आटला, चर्चची विहीर कुलूपबंद. होल्टमध्ये मात्र थंड होतं. आंधळ्या म्हातारीच्या पोटात दुपारी गावातल्या चार बायका विणकाम घेऊन बसायच्या, मीही. तुझ्या लेखाचं काय झालं? छापून आला तर एक प्रत पेरिनसाठी पण पाठव, तो रोज विचारतो.

ड्रूइटच्या माणसांनी झाडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेत. मोठमोठ्या ओकांवरच. कुणीतरी घेर मोजून दिलेत म्हणे. एम्रिस माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. तूच सांग, ते लेखासाठी मोजत होतास ना?

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

विन

-

रॅडिंगहोप
१४ फेब्रुवारी १९७७

प्रिय लेन,

नाताळचं कार्ड मिळालं. त्यात फक्त नाव होतं.

रागावले नाही. माणूस कामात असतो. सुनावणी नऊ मार्चला, सकाळी दहाला, तालुक्याच्या सभागृहात. गावातून दोन गाड्या भरून जाणार आहेत. मला बोलावं लागणार, आणि माझी बोबडी वळते हे तुला माहीत आहे. तू नुसता येऊन शेजारी बस. काही बोलू नकोस. आपलं माणूस शेजारी असलं की बोलता येतं.

विन

-

बर्मिंगहॅम
२४ फेब्रुवारी १९७७

प्रिय विन,

मला येता येणार नाही. त्या दिवशी मला दुसऱ्या कामासाठी राहावं लागेल. वाईट वाटतंय.

एक सांगू? काही विचारलं तर खरं सांग. खोटं बोलायला तुला कधीच जमलं नाही, आणि तिथे शपथ घ्यावी लागते. काहीही निकाल लागला तरी तुझं घर आणि तुझं जळण कुठे जाणार नाही, एवढं मी तुला आत्ताच सांगतो.

लेन

-

रॅडिंगहोप
११ मार्च १९७७

लेन,

शेवटच्या पत्रातली ती ओळ, की माझं जळण कुठे जाणार नाही, ती मी तेव्हा तीनदा वाचली होती. मला वाटलं तू धीर देतोयस. हे तू कुठल्या अधिकाराने सांगतोस, असं मनात आलं नाही. मूर्ख म्हणतात ते मलाच.

तू आला नाहीस म्हणून तुला सांगते काय झालं. तुला कदाचित कचेरीत कळलंही असेल, पण माझ्या तोंडून ऐक.

पाद्रीबाबा बोलले, त्यांनी तो जुना कागद दाखवला. पेरिन बोलला, एम्रिस बोलला. सगळं चांगलं चाललं होतं. आयुक्त म्हातारा सभ्य माणूस, मला बसायला खुर्ची दिली. मग ड्रूइटचा वकील उठला. सडसडीत, पिवळ्या दातांचा. त्याने फाइलमधून एक निळा कागद काढला. लेन, मी दहा पावलांवरून तो जॅमचा डाग ओळखला.

त्याने विचारलं, “बाई, अडुसष्ट साली फांदी कुठून आणलीत?” मी त्या डागाकडेच बघत होते. तो म्हणाला, “मग मी वाचतो.” आणि त्याने ‘प्रिय लेन’पासून वाचायला सुरुवात केली. माझं बोलणं, माझे शब्द, त्याच्या त्या तोंडातून. ‘त्या दिवशी जेवले नाही’ हेसुद्धा वाचलं. मागे कुणीतरी हुंदका दिला, कोण ते मी पाहिलं नाही.

एम्रिस उठून ओरडला, “हे अक्षर हिचं नाही, मी तिचं अक्षर चाळीस वर्षं पाहतोय.” पेरिनही उठला, म्हणाला, अडुसष्ट साली मी स्वतः विनला होल्टमधून येताना पाहिलं. धडधडीत खोटं, शपथेवर, त्या भोळ्या माणसाने. मग मेरी उठली, मग तिचा नवरा, पोलीस असून. सगळं गाव माझ्यासाठी खोटं बोलायला उभं राहिलं, लेन. आयुक्तांनी सगळ्यांना बसवलं आणि मला विचारलं, “मिस बाउचर, हे पत्र तुम्ही लिहिलंय का?”

मी नाही म्हणाले असते तर कदाचित निभावलं असतं. वकिलाला सिद्ध करावं लागलं असतं. पण तू लिहिलं होतंस ना, खोटं बोलायला तुला जमत नाही. बरोबर होतं तुझं. तू मला ओळखतोस. पाच वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, तेव्हा ओळखणारच. मी हो म्हणाले.

मग वकिलाने सांगितलं, पत्र तुझ्याकडून आलं, ड्रूइटचं काम बघणाऱ्या जमिनीच्या कचेरीत तू गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून नोकरीला आहेस. म्हणजे मला पहिलं पत्र लिहिलंस त्याच्या दोन महिने आधीपासून. तो नकाशा तुझ्या टेबलावर का आला ते आता कळलं. आणि तुझा घसा भरून आला होता म्हणालास, तेव्हा फीत कुठल्या खिशात होती?

एम्रिसने मला गाडीतून घरी सोडलं. फाटकापाशी म्हणाला, “माझ्या गाई वाचवल्यास आणि रान घालवलंस. आता मी तुला काय म्हणू, विन?” मग म्हणाला, “पण ते लिहून कशाला काढलंस?” मी म्हटलं, घरच्याला लिहिलं. तो म्हणाला, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. जोबकाका हेच म्हणायचे.” बाबा खरंच म्हणायचे, दांडे तासताना. मला तेव्हा ती नुसती दांड्यांबद्दलची गोष्ट वाटायची.

आज दुकानात गेले तर बोलणं थांबलं. कुणी वाईट बोललं नाही. ब्रेड दिला, सुटे पैसे दिले आणि सगळे आपापल्या टोपल्यांत बघत राहिले. त्यांनी माझ्यासाठी शपथ मोडली आणि मी त्यांना सर्वांसमोर खोटं पाडलं. तू एकट्या माझ्याशी दगा केला असतास तर मी गिळलं असतं. तू मला त्यांच्याशी दगा करायला लावलास.

विन

-

बर्मिंगहॅम
१६ मार्च १९७७

प्रिय विन,

तू लिहिलंयस ते सगळं खरं आहे आणि मी त्याला नाही म्हणत नाही. पण माझी बाजू एकदा ऐक.

मी आठ महिने घरी बसून होतो. या वयात दुसरीकडे कुणी घेत नव्हतं. ही नोकरी मिळाली आणि दुसऱ्याच आठवड्यात होल्टची फाइल माझ्यापुढे आली. त्यांना कळलं की माझे नातेवाईक तिथे आहेत. ते म्हणाले, नुसतं जाऊन बघून ये. मी आलो तेव्हा मला खरंच रान पाहायचं होतं. ती दोन्ही कामं एकाच वेळी खरी होती, हे तुला पटणार नाही.

तुझं पत्र मी दोन आठवडे कोटाच्या खिशात ठेवलं. रोज चुलीत घालायचं ठरवायचो. मग साहेबाने विचारलं, यादीचं काय? मला वाटलं, ते फक्त गावाशी तडजोड करायला वापरतील, असं उघड वाचतील असं वाटलं नव्हतं. आणि विन, ते रान तसंही जाणारच होतं. आज ना उद्या ड्रूइट वरच्या कोर्टात गेला असता. चारशे वर्षांपूर्वीचे कागद किती दिवस टिकतात?

मी तुझ्यासाठी एक गोष्ट मिळवली आहे. ड्रूइटने लिहून दिलंय, तू जिवंत असेपर्यंत दर हिवाळ्यात तुझ्या दारात दोन गाड्या लाकूड टाकलं जाईल. फुकट. मेंढ्यांच्या कुंपणाचे तट्टे विणायला हेझलही. फक्त तुला, गावाला नाही. मी त्यासाठी भांडलो. सोबत कागद आहे, सही करून पाठव.

मला माफ कर, असं म्हणायची माझी लायकी नाही, पण म्हणतो.

लेन

-

रॅडिंगहोप
२ मे १९७७

लेन,

तुझा कागद सोबत परत पाठवते आहे. सही केलेली नाही. कापलेल्या होल्टचं लाकूड माझ्या चुलीत घालायची व्यवस्था तू भांडून केलीस, हे वाचून मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. तुला खरंच वाटलं मी ते जाळेन.

निकाल एप्रिलमध्ये आला. पहिल्या मे अडुसष्टपासून हक्क संपला. म्हणजे त्यानंतर आठ वर्षं मी जे ओढलं ते नुसतं लाकूड होतं. होल्टला आता तारेचं कुंपण आहे. हिवाळ्यात कापायला सुरुवात करणार, आंधळी म्हातारी पहिली, कारण ती वाटेत येते.

तरी काल पहाटे मी उठले. सवयीने. होल्टमध्ये जाता येत नाही, म्हणून मागच्या अंगणातल्या ओकाची फांदी तोडली, अडुसष्टसारखीच, आणि ओढली. पण या वेळी गल्लीने नाही, सरळ रस्त्याच्या मधून. कुणी येणार नाही असं वाटलं होतं. एम्रिस फाटकात उभा होता. तो मागे चालायला लागला, मग पेरिन, मग मेरी. शेवटी दहा-बारा जण. पाद्रीबाबांना कळेना काठी मारू का नको. एम्रिस म्हणाला, “मारा हो.” त्यांनी मारली. ‘होल्ट आमचं’ म्हणायला मात्र कुणाचं तोंड उघडलं नाही. मीही म्हणाले नाही. सगळे घरी गेले.

आता मी का हसले होते ते सांगते. गेल्या साली तू म्हणालास, हा ओक उजेड अडवतो, तोडून टाक. तू आठ वर्षांचा होतास, खिसाभर ओकाच्या बिया होल्टमधून आणल्यास. बाबांनी रागावून सगळ्या फेकल्या, एक तू मुठीत लपवलीस आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली चमच्याने खड्डा करून पुरलीस. रोज दुधाच्या भांड्यातून पाणी घालायचास. मला म्हणालास, विन, आता होल्ट आपल्या घरी राहायला आलं. तू विसरलास. मी पस्तीस वर्षं अंधाऱ्या स्वयंपाकघरात पाव भाजले आणि ते झाड तोडलं नाही.

अडुसष्ट साली पहाटे फांदी तोडायला त्या झाडाखाली उभी राहिले तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती. बी होल्टची. लावली आमच्या घरच्या पोराने. मग ही फांदी होल्टचीच, बाउचरांच्याच घरची, यात खोटं काय? त्याच भरवशावर चर्चपर्यंत चालले. वकिलाला हे सांगता आलं असतं. त्याने विचारलं असतं, लावली कुणी? तुझं नाव घेऊन मला काही वाचवायचं नव्हतं.

आता पत्र लिहू नकोस. पेरिनचा गुडघा दुखतो, त्याला उगाच चढ चढायला लावू नकोस.

बी होल्टची होती, ते बरोबर होतं. झाडही बरोबर होतं. आमच्या घरचा कोण, तेवढं मी चुकले.

विनिफ्रेड बाउचर